माणसं असतील तर रेस कशी होणार?

परवा रविवारी दुपारी जेवणं उरकली, ओटा आवरला आणि कपड्यांच्या घड्या घेऊन लेकाच्या खोलीत गेले. साहेब कॉम्प्युटरसमोर! अकरावीचं वर्ष, पुस्तकं पलंगावर उघडी पडलेली आणि खोलीभर गाड्यांचा घूंऽऽ आवाज. नेहमीसारखी तोंडाचा पट्टा सोडणार होते, पण काय वाटलं कोण जाणे, घड्या बाजूला ठेवल्या आणि म्हटलं, "सरक जरा. मला पण खेळायचंय."

त्याला आधी वाटलं मी टोमणा मारतेय. खुर्ची ओढून खरंच बसले तेव्हा मात्र स्वारी खूश झाली. गेमचं नाव 'नीड फॉर स्पीड', त्यातला 'मोस्ट वॉन्टेड' नावाचा भाग. तो 2005 सालचा, म्हणजे माझ्या लेकाच्या जन्माच्याही आधीचा. आमचा कॉम्प्युटर जुना, नवे गेम त्यावर चालत नाहीत, म्हणून हा. लग्नाआधी मित्रांबरोबर खोली घेऊन राहत असताना याच्या बाबांनीही तो रात्र रात्र खेळलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. असो!

चार बाणांच्या बटणांवर गाडी चालवायची. शहरातल्या रस्त्यावर, भर रहदारीतून, पोलिसांना चुकवत शर्यत लावायची. गाडी सुटली. पहिल्याच चौकात लाल सिग्नल दिसला आणि मी आपली थांबले!

"आई, थांबलीस काय?"

"अरे, लाल आहे ना."

पोरगं हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. बाबांना बोलावून आणलं, "बघा, आई सिग्नल पाळतेय!" पुढे तो ओरडला, "स्पीडब्रेकर मार, स्पीडब्रेकर!" मी रस्त्यावर उंचवटा शोधतेय. तर त्या गेममध्ये स्पीडब्रेकर म्हणजे वेळ हळू करायचं बटण. दाबलं की सगळं जग संथ होतं आणि तुम्हाला वळायला उसंत मिळते. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर गतिरोधक मिळावा म्हणून मी दोन वर्षं अर्ज करतेय, तिथे आपलं मेलं साधं डांबराचं टेंगूळ मिळत नाही!

पण खरं सांगू का मैत्रिणींनो, मजा आली. अगदी खरी मजा. नायट्रोचं बटण दाबलं की गाडी अशी काही उसळते की पोटात खड्डा पडतो. दहा मिनिटं म्हणून बसलेली मी पाऊण तास हलले नाही. दुधाचं पातेलं फ्रीजबाहेर राहिलं ते राहिलंच. दिवसभर "हळू जा, सांभाळून जा, बघून जा" म्हणणाऱ्या बाईला कुणी म्हणालं, की जा बाई हवं तितकं सुसाट, तर तिला नको का होईल? वेगाची ओढ फक्त पोरांनाच असते हे आपण उगीच ठरवून टाकलंय.

तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं. रस्त्यावर गाड्या होत्या, ट्रक होते, पेट्रोल पंप, पूल, इमारती, सगळं होतं. माणूस एकही नव्हता. फुटपाथ रिकामे.

"एवढं मोठं शहर आणि माणसं कुठायत रे?"

"यात माणसं नाहीत."

"रस्ता क्रॉस करणारं कुणीच नाही?"

"नाही गं. माणसं असतील तर रेस कशी होणार?"

तो सहज बोलून गेला. माझ्या मात्र डोक्यात ते वाक्य बसलं, कारण त्या वाक्यावर चालणारा एक रस्ता आमच्या घराच्या खिडकीतून दिसतो.

पाम बीच मार्ग. वाशीपासून सीबीडी बेलापूरपर्यंत साधारण दहा किलोमीटर, सहा पदरी, एका अंगाला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या अंगाला सानपाडा, नेरुळ, सीवूड्सचे टॉवर. नावात बीच आहे, प्रत्यक्षात बीच कुठेच नाही, पण पाहुण्यांना गाडीतून फिरवून आणायला आमच्याकडे दुसरं आहे काय! दिवसा सुंदर दिसतो तो रस्ता. शनिवारी रात्री बारानंतर मात्र अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही आवाज मोजतो. सायलेन्सर बदललेल्या बुलेट, मागोमाग सुईंऽऽकन जाणाऱ्या स्पोर्ट्स बाइक, मध्येच एखादी मोठी मोटार. पोलीस अधूनमधून नाकाबंदी लावतात, मग काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, कुणाचा तरी मुलगा गेलेला असतो, आणि त्या रात्री माझ्यासारख्या कितीतरी आया उठून आपापल्या मुलाच्या खोलीत डोकावून येतात.

पण त्या रस्त्यावर फक्त गाड्या नाहीत. हे शहर 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यावर ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनींवर वसलं. ती गावं कुठे गेली नाहीत. सारसोळे आहे, करावे आहे, दिवाळे आहे. कोळी आणि आगरी माणसं आहेत आणि त्यांची खाडी रस्त्याच्या पलीकडे आहे. जाळं घेऊन, टोपली घेऊन ती रस्ता ओलांडतात. पहाटेची ओहोटी असेल तर पहाटे ओलांडतात, कारण ओहोटी काही सिग्नल बघून येत नाही.

आमच्या बचत गटात एक मावशी आहेत. साठीच्या. निवट्या, खुबे, चिंबोऱ्या आणून बाजारात विकायच्या. काही वर्षांपूर्वी अशाच पहाटे रस्ता ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. पायात सळी घातली, आता काठी घेऊन चालतात, खाडीवर जाणं बंद झालं. दवाखान्यात मी विचारलं, "मावशी, गाडी दिसली नाही का हो?" तर म्हणाल्या, "बाय, गारी आली कवा नं गेली कवा, कललाच नाय."

तेव्हा मला ते बोलणं घाबरलेल्या बाईचं वाटलं होतं. गेम खेळून झाल्यावर मी लेकाला तोच प्रश्न गणित म्हणून घातला. मी बी.ए.ची, मराठी घेऊन. आकडेमोड आपली नव्हे. त्याने कागद घेतला. एका बाजूच्या तीन लेन, साडेतीन मीटरची एक धरली तर साडेदहा मीटर. डोक्यावर टोपली घेतलेली साठीची बाई सेकंदाला एक मीटर चालेल. म्हणजे साडेदहा सेकंद. ताशी 120 ने येणारी गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. म्हणजे तेवढ्या वेळात साडेतीनशे मीटर! मावशींनी पाऊल टाकलं तेव्हा ती गाडी साडेतीनशे मीटर लांब होती. अंधारात तो लांबचा एक दिवा. तो किती वेगाने येतोय हे त्या काय, तुम्ही-मी तरी सांगू शकू का? कागदावरचा आकडा बघून लेक गप्प झाला. मीही.

जाता जाता एक सांगते, कारण हे फार कमी बायकांना माहीत असतं. ठोकून पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी सरकारकडून भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून ही रक्कम मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार आहे. त्याआधी ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. पोलिसांत नोंद झालेली असली पाहिजे आणि अर्ज महसूल खात्याच्या कार्यालयात करावा लागतो. आमच्या मावशींच्या घरच्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. पन्नास हजारांत पाय परत येत नाही, पण सळीचं बिल तरी फिटतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे दोष या गेमचाच! आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की पाच मिनिटांत ठराव पास होतो, बंद करा हे गेम. माझं मत जरा वेगळं आहे. ही तक्रार काही आजची नाही. 1976 साली अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा गेम आला होता. काळ्या पांढऱ्या पडद्यावर गाडीने छोट्या आकृत्या उडवायच्या, आकृती किंचाळायची आणि तिथे क्रूस उभा राहायचा. तेव्हाही तिकडे असाच गदारोळ झाला होता. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासचं पेव फुटलं तेव्हा क्लासमध्ये शिकणं कमी आणि 'रोड रॅश' जास्त चालायचं. धावत्या मोटरसायकलवरून शेजारच्याला लाथ घालायची, साखळीने हाणायचं. माझा डोंबिवलीचा भाऊ त्यात पटाईत होता. आज त्याची गाडी चाळिसाच्या वर गेली की वहिनीला आश्चर्य वाटतं. शेजारणीचा मुलगा गेमला हातही लावत नाही, आणि त्याची बाइक रात्री दोनला घरी येते. गेममध्ये जाऊन पोरं रस्ता शिकत असतील थोडं. पण रस्त्यावर जायला किल्ली लागते, आणि किल्ली काही कॉम्प्युटरमधून निघत नाही.

उलट मला तर त्या गेममधले नियमच कडक वाटले. पोलिसांनी पकडलं की दंड भरावा लागतो. दंड भरून सुटता येतं, पण गाडीच्या नावावर खूण पडते. अशा तीन खुणा झाल्या की गाडी जप्त. पाठलाग संपला की पडद्यावर हिशेबही येतो, तुमच्यामुळे सरकारचं किती नुकसान झालं त्याचा. (हे नुकसान जितकं जास्त तितकं चांगलं, ही त्यातली गोम मला लेकाने नंतर सांगितली.) मी दोनदा पकडले गेले. तिसऱ्यांदा पकडले जाण्याच्या बेतात होते तेव्हा लेक म्हणाला, "आई, आता गाडी जाईल हं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "इथे तुझा फोन चालत नाही."

मला कानफटात बसल्यासारखं झालं.

ही गोष्ट इथे लिहावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. गेल्या जूनमध्ये, भर पावसात, माझ्या या सोळा वर्षांच्या मुलाला एका चौकात वाहतूक पोलिसांनी अडवलं. माझी स्कूटर घेऊन क्लासला निघाला होता. किल्ली मीच दिली होती. पाऊस, रिक्षा मिळत नाही, उशीर होतोय, आणि दोन किलोमीटर तर जायचंय... सगळी कारणं तोंडपाठ आहेत मला. त्याने घाबरून फोन केला. आणि मी काय केलं? समाजकार्यामुळे चार ओळखी आहेत, त्यातली एक वापरली. दहा मिनिटांत लेक स्कूटरसकट घरी. दंड नाही, पावती नाही. मी त्याला हळद घालून दूध दिलं आणि "पुन्हा असं करायचं नाही हं" म्हटलं. झालं! त्याच आठवड्यात मी एका शाळेच्या पालकसभेत रस्ता सुरक्षेवर बोलले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या.

मला कायदा माहीत नव्हता असंही नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या घरोघरच्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकांना सुटकेची वाट एकच, हे आपल्या नकळत झालं किंवा आपण ते टाळायची सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं. मी कसलं सिद्ध करणार? किल्ली माझ्या हातातून गेली होती, वर "रेनकोट घाल" असंही सांगितलं होतं.

पुण्यातली ती घटना तुम्हाला आठवत असेल. 19 मे 2024, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली पोर्शे, आणि मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनीअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागच्या जागी गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, त्याच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध होता. सगळा देश त्या निबंधावर चिडला. मीही चिडले, आमच्या ग्रुपवर चार ओळी खरडल्या. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि मग मुलाच्या आईलाही. मुलाच्या जागी तिने आपलं रक्त दिलं, असं पोलिसांचं म्हणणं. तेव्हा मी अगदी छातीठोकपणे म्हटलं होतं, काय ही आई!

माझ्या फोनमध्ये आणि त्या प्रकरणात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मला कळतं. माझ्या मुलाने कुणाला धक्काही लावला नव्हता. पण गेममध्ये गाडी आपटली की क्षणभर थांबून ती पुन्हा रस्त्यावर उभी राहते ना, कोरीकरकरीत, तसं माझ्या मुलाला मी दहा मिनिटांत पुन्हा उभं केलं. तो जे शिकला ते कॉम्प्युटरवर शिकला नाही. माझ्याकडून शिकला. आणि मनात ठेवून होता, रविवारपर्यंत.

देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी. सरकारचाच आकडा आहे. हा आकडा वाचताना आपण नेहमी मेलेल्यांच्या बाजूने वाचतो, आपला मुलगा त्यात नसावा म्हणून देव पाण्यात घालतो. दुसऱ्या बाजूनेही तो कधीतरी वाचायला हवा. प्रत्येक धडकेत एक किल्ली आहे आणि ती कुणीतरी कुणाच्या तरी हातात दिलेली आहे.

आणखी एक. मला मुलगी असती तर सोळाव्या वर्षी मी तिला स्कूटर दिली असती? पावसात, गर्दीच्या वेळी? नाही. तिला म्हटलं असतं, बाबा सोडतील, नाहीतर आज क्लास बुडव. मुलीच्या बाबतीत आपल्याला रस्त्यावरचं सगळं वाईट आधीच दिसतं. मुलाच्या बाबतीत मात्र "आता मोठा झाला, बाहेरची चार कामं करू दे" म्हणून आपल्यालाच बरं वाटतं. तो कोथिंबीर आणून देतो, आजीचं औषध आणून देतो, आणि आपली एक फेरी वाचते. खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं!

गेम मी बंद केलेला नाही. अभ्यास झाल्यावर तासभर, हे आमचं ठरलं आहे. त्या तासात तो कुणाला उडवणार नाही, तिथे उडवायला कुणी नाहीच. स्कूटरची किल्ली मात्र आता माझ्या पर्समध्ये असते. क्लासला जायला एनएमएमटीची बस आहे. ती वेळेवर येत नाही, दोनदा त्याला उशीर झाला, पहिले तीन दिवस तो माझ्याशी धड बोललाही नाही. सासूबाईंचं म्हणणं, एवढं कडक वागून पोरगं हातचं जाईल. हे म्हणाले, "तू पण ना, एका गेमवरून काय काय काढतेस."

या शनिवारी बचत गटाची बैठक मावशींच्या घरी होती. लेकाला मुद्दाम बरोबर नेलं, पिशव्या उचलायला म्हणून. परत निघालो तेव्हा अंधार पडत आला होता. रस्त्याच्या कडेला एक बाई टोपली घेऊन उभी होती, गाड्या संपायची वाट बघत. आम्हीही थांबलो. मी घड्याळ लावलं नाही, पण बराच वेळ गेला. लेक मनातल्या मनात काहीतरी मोजत होता. ओठ हलत होते.

घरी आल्यावर त्याने कपाटातून स्कूटरची दुसरी किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. ती हरवली आहे असं मी गेलं वर्षभर समजत होते.